मिठागर आळीचा दुसरा अर्ज

त्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले तेव्हा बा अंगणाच्या कडेला उकिडवा बसून कालवांच्या शिंपा निवडत होता. धारेच्या शिंपा तो वेगळ्या काढायचा आणि बोथट तेवढ्या पाटीत टाकायचा. त्याने कधी सांगितलं नाही, मीही कधी विचारलं नाही. पण धारेच्या का वगळतो हे मला ठाऊक होतं. आळीतून मी अनवाणी जात असे.

चपला हातात घ्यायच्या, लुगडं घोट्यावर धरायचं, नाक्यावरच्या विहिरीशी पाय धुवायचे, चपला घालायच्या आणि तिथून पुढे मुलींच्या शाळेची मास्तरीण व्हायचं. सात वर्षं मी हे करत आले. शेवटची तीन वर्षं त्यात एवढाच फरक पडला होता की आमच्या दारापासून नाक्यापर्यंत गाळात बाने शिंपांचे लहान लहान थर ठोकून बसवले होते, एकापुढे एक. प्रत्येक उधाणात त्यातले काही वाहून जात, आणि पाणी ओसरलं की तो नवे बसवत असे. दोन थरांमधलं अंतर माझ्या पावलाचं होतं. त्याचं स्वतःचं पाऊल बरंच लांब पडायचं.

"उद्या आवस हाय," तो मान वर न करता म्हणाला. "पानी लवकर चढंल. उद्या जरा आधी निघ."

मी बरं म्हटलं. संध्याकाळी परत आले तेव्हा आळीतलं पाणी उतरलं होतं आणि तो नाक्याजवळ वाकून लाकडी चोपण्याने शिंपा ठोकत होता. रात्री आम्ही भाकरी आणि वालाचं बिरडं खाल्लं. त्याला पाठीत थोडं भरून आल्यासारखं वाटत होतं; पाटी उचलून उचलून होतं तसं, असं तो म्हणाला. मी वाचनालयातून आणलेलं पुस्तक उघडून बसले. तो दिवस एवढाच होता. मी त्यात आणखी काही शोधून पाहिलं आहे, सापडत नाही.

आमची आळी गावाच्या अगदी टोकाला, खाडीच्या बांधाला लागून आहे. तीस घरं, सगळी आगरी, सगळी मिठागरात राबणारी. अमावास्येला आणि पौर्णिमेला उधाणाचं पाणी बांधाखालच्या मोरीतून आत शिरतं आणि जाताना गाळ ठेवून जातं. पावसाळ्यात तो गाळ वाळतच नाही. बैलगाडी आत येत नाही, टांगा येत नाही. बाजारपेठेत खडी पडली, कचेरीपुढे पडली, बंदराच्या रस्त्यावरही पडली, कारण आमचंच मीठ त्या रस्त्याने पडावात चढून मुंबईला जात होतं. आळीपर्यंत मात्र ती आली नाही.

एकतीस साली, मिठाच्या चळवळीचा गलबला ओसरल्यावर, आळीने म्युनिसिपालिटीला अर्ज करायचं ठरवलं. लिहिणारी मी होते, कारण दुसरं कोणी नव्हतंच. माझ्या सोळाव्या वर्षी नवरा वारला. तेव्हा पोरीचा पाट लावून टाक असं सगळे सांगत असताना बाने मला पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात धाडलं होतं, आणि त्यावरून पुष्कळ ऐकून घेतलं होतं. शिकली तर आळीच्या कामाला येईल, असं तो लोकांना सांगे.

अर्ज चांगला उतरला होता. हे लिहिताना आज मान खाली जाते, पण उतरला होता. त्यात एक वाक्य होतं: 'आजारी मनुष्यास खाटेवर घालून चौघांनी गुडघाभर गाळातून नाक्यापर्यंत न्यावे लागते, तोपर्यंत वैद्याचा उपयोग राहतो न राहतो.' ते वाक्य मला फार आवडलं होतं. मी ते दोनदा वाचून दाखवलं.

वाचून दाखवायची पद्धत बाने घातली होती. जे ऐकलं नाही त्यावर अंगठा द्यायचा नाही, असं तो म्हणाला. म्हणून तीसही घरांची माणसं आमच्या ओटीवर आणि अंगणात बसली, मी अर्ज वाचला, आणि मग एकेकाने येऊन अंगठा उमटवला. बाचा अंगठा पहिला. मिठाने त्याच्या बोटांवरच्या रेघा झिजून गेल्या होत्या. कागदावर नुसता काळा गोल आला. हिरामणकाका, जे आळीत सगळ्यांत वडील, ते म्हणाले, "धर्माजी, ह्यो अंगठा हाय का शेणाची गवरी?" सगळे हसले. बाही हसला.

महिन्याभराने उत्तर आलं. कार्तिकातल्या अष्टमीला ओव्हरसियर आणि कमिटीचे एक सभासद जागेवर येऊन पाहणी करणार होते. हे सभासद म्हणजे आमच्या शाळेच्या हेडमिस्ट्रेसबाईंचे यजमान. दुसऱ्या दिवशी बाईच मला हसून म्हणाल्या, "आम्हीही येऊ हं. तुमचं घर एकदा पाहायचंच आहे."

मी शाळेत कधी सांगितलं नव्हतं की मी कुठे राहते. बंदराकडे, असं म्हणत असे. बंदराकडे बंगलेही होते.

पाहणीच्या आदल्या सकाळी मी बाला म्हटलं, "उद्या सगळी मोठी माणसं येणार. आळी जरा बरी दिसू दे."

"चिखल दिसाया नको का त्यांना?" त्याने विचारलं. "चिखलासाठीच येतान ना ती?"

"चिखल त्यांनी अर्जात वाचला आहे," मी म्हणाले. "तो मी लिहिला आहे नीट. आता चिखलातून बाईंना चालवायचं का?"

पुण्याहून आल्यापासून मी त्याच्याशीही पुस्तकातल्यासारखंच बोलत असे. त्याला ते आवडायचं, किंवा मी तसं धरून चालले होते. तो उठला आणि घरोघर गेला.

हे सांगितलं तर बाहेरच्या माणसाला हसू येईल, पण आळीत एकानेही त्याला वेड्यात काढलं नाही. मिठागरात पाहणीचा अर्थ ठरलेला आहे. दिवाळीनंतर मालक येतो, त्याआधी प्रत्येकाने आपला मिठाचा वाफा तयार ठेवायचा. चिकणमाती ओली करून, ओळीने उभं राहून, एकमेकांच्या कमरेला धरून ती पायांनी तुडवायची, मग चोपण्याने चोपायची, आणि हे इतके दिवस की तळ दगडासारखा घट्ट आणि आरशासारखा सपाट होतो. मालक काठी आपटून पाहतो. ज्याच्या वाफ्यात मालकाचं पाऊल उमटलं त्याच्या घराची वर्षभर थट्टा होते. आमच्या लोकांना पाहणी एवढीच माहीत होती. कोणी पाहायला येणार असेल तर आपलं चांगल्यात चांगलं दाखवायचं. आपलं वाईट दाखवायला माणसं बोलावतात ही गोष्ट त्यांना कुठून माहीत असणार? मला माहीत होती. मी कचेऱ्या, अर्ज, चौकश्या सगळं वाचलेलं होतं.

अष्टमीचे दिवस, भरतीला जोर नव्हता, मोरीतून पाणी आत येत नव्हतं. त्या एका दिवसात पन्नास माणसांनी आळी तुडवली. बा सगळ्यांच्या पुढे होता, कारण त्याच्याइतका जमीन चोपणारा तीन गावांत नव्हता. बायका खाडीवरून पाणी आणून शिंपत होत्या. गोदूकाकूने कुठलंतरी लग्नातलं गाणं धरलं आणि पावलं त्यावर पडायला लागली. मीही शाळेतून येऊन ओळीत उभी राहिले. इतक्या वर्षांत आळीत मी तेवढी कधी आनंदात नव्हते, तेही खरं आहे.

दुसऱ्या दिवशी ओव्हरसियर बूट घालून आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. काठी आपटून पाहिली. बाईंनी आमच्या ओटीवर बसून चहा घेतला आणि म्हणाल्या, "किती स्वच्छ ठेवली आहे हो आळी. आमच्याकडेसुद्धा नाही अशी." माझा चेहरा त्या वेळी कसा दिसला असेल हे मला कळतं. बा खांबाशी उभा राहून त्या चेहऱ्याकडे पाहत होता. तेवढ्यात तो भरून पावला.

पुढच्या पौर्णिमेला आळी पुन्हा होती तशी झाली. त्यानंतर आठवड्याने अर्ज शेऱ्यासकट परत आला, आणि पुन्हा सगळे आमच्या अंगणात जमले. मी उभी राहून वाचलं: 'जागेवर पाहणी केली. रस्ता सुस्थितीत आढळला. रहिवासी स्वखुशीने निगा राखतात. खर्च करण्याचे कारण दिसत नाही.'

कोणालाच काही वेळ समजलं नाही. मग समजलं.

"ही आळी चोपायची कल्पना कुनाची?" हिरामणकाकांनी विचारलं. त्यांना माहीत होतं की बा घरोघर आला होता, पण ते विचारत होते ते त्याच्या मागे कोण होतं ते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, असं मला वाटलं. कदाचित पाहिलं नसेलही.

"माजी," बा म्हणाला. "मना वाटलं पाव्हनं येतान. चुकलं माजं."

कागद माझ्या हातात होता. सगळ्यांत पुढे मी उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. मी कागदाची घडी घातली.

घरात आल्यावर त्याने एवढंच म्हटलं, की तुझी नोकरी म्युनिसिपालिटीच्या शाळेतली आहे, तुझं नाव कशात यायला नको. तो मला कारण देत होता आणि मी ते घेतलं. पण खरं कारण नोकरीचं नव्हतं. माझ्या सांगण्यावरून आळी चोपली हे कळलं असतं तर का सांगितलं हेही कळलं असतं. ज्या माणसांनी कमरेला हात घालून माझ्याबरोबर गाळ तुडवला, त्यांना कळलं असतं की मला त्यांची लाज वाटते.

तेव्हापासून आळीत बाचं नाव ओव्हरशेर पडलं. तो पाटी घेऊन निघाला की कोणीतरी ओटीवरून विचारायचं, "काय ओव्हरशेर, आज कंचा साहेब येनार?" तो म्हणायचा, "तुजी सासू." हसणं व्हायचं आणि विषय संपायचा. पण पावसाळ्यात आळीतल्या नामाच्या बायकोला बाळंतपणासाठी पाळण्यासारखी झोळी करून नाक्यावर न्यावं लागलं, तेव्हा बाशी दोन महिने कोणी बोललं नाही. ती वाचली, मूलही वाचलं. तेव्हापासून त्याने शिंपा बसवायला सुरुवात केली. आधी सबंध आळीत बसवायचा त्याचा विचार असावा. एका माणसाला ते जमण्यासारखं नव्हतं, म्हणून शेवटी एक ओळ राहिली. माझी.

अमावास्येच्या सकाळी मी त्याने सांगितलं तशी लवकर निघाले. साडेदहाच्या सुमारास शेजारची काशी वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. गुडघ्यापर्यंत गाळ. मी खडू ठेवला आणि निघाले. वाटेत तिने सांगितलं की बाच्या छातीत कळ आली आहे आणि नामा डॉक्टरांकडे धावला आहे.

डॉक्टर लगेच निघाले होते. त्यांचा टांगा नाक्यावर आला आणि तिथे थांबला. घोडा पुढे पाऊल टाकेना. पाणी चढत होतं. मी गाळातून घरी पोचले तोवर बाला खाटेवर घातलं होतं. चौघांनी खाट उचलली, हिरामणकाका त्यांत पुढे डाव्या अंगाला. बाचे डोळे उघडे होते. तो आभाळाकडे पाहत होता आणि खाट हलली की हाताने कडा धरत होता.

पाण्याखाली शिंपा दिसत नव्हत्या. माझ्या पायांना त्या माहीत होत्या. पण त्या माझ्या पावलाच्या मापाच्या होत्या. पुरुषांची पावलं त्यांच्या मधल्या गाळात पडत होती. दर दोन पावलांनी कोणीतरी रुतायचं, खाट कलायची, मग सगळे थांबायचे. मी मागून चालत होते. माझं पाऊल एकदाही रुतलं नाही.

नाक्यावर डॉक्टर पाण्यात उतरून पुढे आले होते. त्यांनी खाट खाली ठेवू दिली नाही, तशीच धरून ठेवा म्हणाले, मनगट हातात घेतलं, मग डोळ्यांवर बोटं ठेवली. खाट खांद्यावरच होती.

"त्या टायमाला चोपली नसती," हिरामणकाका म्हणाले, कोणालाच उद्देशून नाही, "तं आज टांगा दारान आला असता." त्यात राग नव्हता. ते रडत होते.

मी तेव्हाही गप्प राहिले. त्या वेळी गप्प राहणं सगळ्यांना साहजिक वाटलं.

तेरावा झाल्यावर पाहुणे गेले. किहीमची माझी आत्या, राही, मला सोबत म्हणून मागे राहिली. दोन दिवसांनी संध्याकाळी हिरामणकाका, नामा, गोदूकाकू असे पाचसहा जण ओटीवर आले. बोलायला त्यांना जड जात होतं. शेवटी काका म्हणाले की पुन्हा अर्ज करायचा आहे. आता कोणी नाही म्हणणार नाही. माणूस गेलं आहे, डॉक्टरांनी स्वतः पाहिलं आहे.

मी दौत आणि कागद घेऊन बसले. त्यांनी सांगायचं, मी लिहायचं. डॉक्टरांचं नाव, तारीख, वेळ, खाट. पहिल्या अर्जातलं ते वाक्य पुन्हा घालावं असं नामाने सुचवलं. त्याला ते पाठ होतं. मी घातलं.

"आता एक हाय," काका म्हणाले. "ती मान्सं जुना शेरा काढून दाखवतीन. रस्ता चांगला व्हता म्हनतीन. तवा का चांगला दिसला त्ये लिवायला पायजे. खरं त्ये लिवायचं." ते थांबले. "धर्माजी मना भावासारखा व्हता, पोरी. त्याला कमी आनायचं न्हाय. पन आता त्याचं काय बिघडत न्हाय, आनि आलीचं काम व्हईल."

आत्या दारात उभी होती. ती म्हणाली, "लिही. त्यो असता तं त्यानंच सांगितलं असतं."

ते खरं होतं. म्हणून मी लिहिलं: 'मागील पाहणीच्या वेळी सदरहू रस्ता चांगला दिसला याचे कारण, मयत धर्माजी अंबाजी घरत यांनी अज्ञानाने, पाहुण्यांचा मान ठेवावा अशा समजुतीने, आदल्या दिवशी रहिवाशांकडून तो चोपून घेतला.' व्याकरणात कुठे चूक नव्हती. 'अज्ञानाने' हा शब्द काकांनी सांगितला नव्हता. तो माझा.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी तीसही घरांची माणसं आली. काहीजण ओटीवर, बाकी अंगणात, बा जिथे शिंपा निवडायचा तिथेही. त्याची पाटी कोणीतरी बाजूला सरकवून ठेवली होती. तळाशी सात-आठ शिंपा होत्या, बोथट. अंगठ्यांसाठी शाई ओतून ठेवली होती. आधी वाचन, मग अंगठे, हे कोणाला सांगावं लागलं नाही.

मी उभी राहिले. आळीचं वर्णन वाचलं. खाटेचं वाक्य वाचलं, ते आता छान वाटलं नाही. तारीख आणि वेळ वाचली. गोदूकाकूने पदर तोंडाला लावला. मग मी 'मागील पाहणीच्या वेळी सदरहू रस्ता चांगला दिसला याचे कारण' इथपर्यंत आले, आणि पुढचं वाचता येईना. अक्षर माझंच होतं, स्वच्छ होतं.

लोकांना वाटलं मला रडू येतं आहे. कोणीतरी म्हणालं, पाणी द्या तिला. काका म्हणाले, "बस, पोरी. मंग वाच."

मी बसले नाही. कागद तसाच हातात धरला आणि त्याच्यावरून नजर काढली.

"कारण बा नव्हता," मी म्हणाले. "मी होते. आदल्या दिवशी मीच त्याला सांगितलं, आळी बरी दिसू दे. त्यानं विचारलं होतं, चिखल दिसायला नको का म्हणून. त्याला कळत होतं. मला कळत असूनही मी सांगितलं, कारण शाळेच्या बाई आपल्याकडे येणार होत्या."

अजून एक वाक्य राहिलं होतं, आणि ते पुस्तकी भाषेत येईना.

"मना लाज वाटत व्हती," मी म्हणाले. "तुमची. आनि बाची पन. त्यानं माजं नाव झाकलं, नि मी त्याला झाकू दिलं."